कमान झोपत नाही



मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे आपल्या जुन्या बोरीबंदरावर गाडीतून उतरून बाहेर आलं की समोरच्या फुटपाथवर कुणी ना कुणी मान वर करून, मोबाइल उंच धरून उभं असतंच. मध्यंतरी तिथे एक वडील आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगत होते, "ही बघ, ही गॉथिक इमारत." मुलानं लगेच विचारलं, "गॉथिक म्हणजे काय, बाबा?" वडील जरा अडखळले आणि म्हणाले, "म्हणजे... अशी टोकदार असते ती."

मला त्यांचं हसू आलं नाही. कारण मी स्वतः इंजिनीअरिंग कॉलेजात असताना परीक्षेत याहून फार वेगळं उत्तर लिहिलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात वास्तुशैलींवर एक छोटं प्रकरण होतं. ते आम्ही पाढ्यासारखं पाठ केलं होतं. ग्रीक म्हणजे खांब, रोमन म्हणजे अर्धगोल कमान, इस्लामी म्हणजे घुमट आणि गॉथिक म्हणजे टोकदार कमान. दहापैकी सात गुण मिळाले. पुढे त्या सात गुणांची किंमत एका शाळेला मोजावी लागली, ती हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे.

साल १९७९. नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका तालुक्याच्या गावी इंग्रजांच्या काळातली दगडी शाळा होती. तिचं सभागृह मोठं देखणं होतं. आत ओळीनं टोकदार दगडी कमानी, त्यांच्यावर लाकडी वासे आणि वर कौलं. बाहेरून पाहिलं तर प्रत्येक कमानीच्या समोर भिंतीला लागून एकेक जाड दगडी टेकू होता. आम्ही इंजिनीअर लोक त्याला बट्रेस म्हणतो. खाली रुंद, वर निमुळता. शाळेला त्या भिंतीलगत सायकल स्टँड करायचा होता आणि हे टेकू आडवे येत होते. जागेची पाहणी करायला मी गेलो. भिंत दोन फूट जाडीची, शंभर वर्षं न हललेली. मनात म्हटलं, या भिंतीला कसला टेकू हवा? इंग्रजांनी त्यांच्या चर्चची नक्कल करायची म्हणून शोभेला लावलेले दिसतात. मी दोन टेकू काढायला परवानगी दिली.

कामावर एक वयस्कर गवंडी होते. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणत असू. ते मला म्हणाले, "साहेब, हे काढू नका. कमान झोपत नाही." मी विचारलं, "म्हणजे काय, मिस्त्री?" ते म्हणाले, "भिंत झोपते, खांब झोपतो. कमान रात्रंदिवस ढकलत असते. तिला कुणीतरी धरून ठेवावं लागतं." मी मान हलवली आणि कागदावर सही केली.

आता मिस्त्रींचं म्हणणं काय होतं, ते तुम्हाला घरबसल्या पाहता येईल. पत्त्यांच्या कॅटमधले दोन पत्ते घ्या. गुळगुळीत टेबलावर ते एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करा. हात सोडला की त्यांचे पाय बाहेर सरकतात आणि तंबू बसतो. आता दोन्ही पायांशी बाहेरून एकेक जड पुस्तक लावून ठेवा. तंबू उभा राहतो. कमानीचं नेमकं हेच असतं. ती वरचं ओझं दोन्ही बाजूंना वाटून देते. पण ते ओझं सरळ खाली न जाता तिरकं जातं आणि पायाला बाहेर रेटतं. मग आणखी एक करून पाहा. पत्ते जरा जास्त उभे धरा, म्हणजे तंबू अरुंद आणि उंच होईल. आता पाय सरकण्याचा जोर कमी झालेला दिसेल. बसकी कमान जास्त रेटते, उंच टोकदार कमान कमी रेटते. गॉथिक शैलीचं अर्धं मर्म या दोन पत्त्यांत आहे.

माणसानं घर बांधायला सुरुवात केली तेव्हापासून त्याच्यापुढे एकच मोठा प्रश्न आहे. भिंती कुणीही उभारील, पण मधली मोकळी जागा झाकायची कशी? जगातल्या बहुतेक वास्तुशैली या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरं आहेत. ग्रीकांनी दोन खांबांवर आडवी शिळा ठेवली. हे उत्तर सरळ आणि भरवशाचं, पण शिळा लांब झाली की मधे मोडते. म्हणून ग्रीक देवळांत खांबांची दाटी असते. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांतही खांब आणि तुळया आहेत; पण छतासाठी आणखी एक युक्ती केलेली असते. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेतात आणि शेवटी मधली फट एका दगडानं झाकतात. त्यात वजन बहुतांशी खालीच उतरतं, बाजूला फारसं रेटत नाही. म्हणून चुन्याशिवाय रचलेली ही देवळं शतकानुशतकं उभी आहेत. मात्र या रीतीनं फार रुंद दालन झाकता येत नाही.

रोमन लोकांनी अर्धगोल कमान आणि घुमट हे उत्तर दिलं. रोममधल्या पँथिऑनचा घुमट सुमारे ४३ मीटर रुंद आहे आणि जवळपास एकोणीसशे वर्षं उभा आहे. पण त्याचा रेटा धरायला भिंती कितीतरी फूट जाडीच्या कराव्या लागल्या. आपल्या शेजारी विजापूरला १६५६ साली पूर्ण झालेल्या गोलघुमटात आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची रचना अशी केली आहे, की त्यांचं आतल्या बाजूला आलेलं वजनच घुमटाचा बाहेरचा रेटा तोलून धरतं. प्रश्न एकच, पण ज्याच्या त्याच्या हाताशी असलेल्या दगडातून, हवेतून आणि गरजेतून उत्तर वेगळं येतं.

गॉथिक हे यातलंच एक उत्तर. ते देणाऱ्यांची गरज होती उजेडाची. बाराव्या शतकातला उत्तर फ्रान्स डोळ्यांसमोर आणा. वर्षातले कितीतरी महिने आभाळ भरलेलं, दिवस लहान. चर्चच्या भिंती जाड, खिडक्या झरोक्याएवढ्या. खिडकी मोठी करावी तर भिंत दुबळी होते, आणि भिंत दुबळी झाली की वरचं दगडी छत तिला बाहेर ढकलतं. पॅरिसच्या उत्तरेला सेंट-डेनिस इथे शुगर नावाचा एक मठाधिपती होता. देवाच्या घरात प्रकाश भरून राहिला पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. ११४० ते ११४४ या चार वर्षांत त्यानं आपल्या चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्यानं बांधून घेतला. गॉथिक शैलीची सुरुवात साधारणपणे तिथून धरतात.

गंमत म्हणजे त्यातली एकेक युक्ती सुटी-सुटी आधीपासून ठाऊक होती. टोकदार कमान कैरोच्या इब्न तुलून मशिदीत नवव्या शतकातच दिसते. छताला दगडी फासळ्या घालायची रीत इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस आली होती. फ्रान्समधल्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी त्या एकत्र आणल्या. छताचं सगळं वजन फासळ्यांतून मोजक्या खांबांवर उतरवलं. टोकदार कमानीनं बाजूचा रेटा कमी केला. उरलेला रेटा भिंतीबाहेर नेला. भिंतीपासून दूर एक जाड दगडी खांब उभा करायचा आणि तिथून भिंतीच्या वरच्या भागापर्यंत हवेतून अर्धी कमान न्यायची. एखाद्या माणसानं लांब उभं राहून हात ताणून पडतं दार धरावं, तसं. छताचं पावसाचं पाणीही कित्येक ठिकाणी याच अर्ध्या कमानीच्या पाठीवरच्या पन्हळीतून बाहेर जातं आणि राक्षसाच्या दगडी तोंडातून भिंतीपासून लांब फेकलं जातं.

एवढं झालं आणि भिंतीचं काम संपलं. तिच्यावर ओझंच उरलं नाही. मग तिच्या जागी काच बसवली. ११९४ साली आगीत जळल्यावर नव्यानं बांधलेल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये निळ्या-तांबड्या काचांचे उंचच उंच पडदे आहेत. दगडी छत जमिनीपासून सुमारे ३७ मीटर वर, म्हणजे आजच्या दहा-बारा मजली इमारतीइतकं. बाहेरच्या टेकूंच्या माथ्यावर जे टोकदार कळस दिसतात, ते पाहणाऱ्याला निव्वळ नक्षी वाटते. पण त्यांच्या वजनामुळे तिरका आलेला रेटा खाली वळायला मदत होते.

हे सगळं करणाऱ्यांकडे आजच्यासारखं गणित नव्हतं. दोरी, ओळंबा, कंपास, लाकडी साचे आणि बापाकडून मुलाकडे आलेला अनुभव, एवढंच भांडवल. त्यामुळे चुकाही झाल्या. बोव्हे गावच्या लोकांनी सगळ्यांवर मात करायची म्हणून दगडी छत ४८ मीटरपर्यंत नेलं. १२७२ साली ते पूर्ण झालं आणि १२८४ साली त्याचा काही भाग कोसळला. पुढे त्यांनी दीडशे मीटरहून उंच मनोरा बांधला. तो १५६९ साली पुरा झाला आणि चारच वर्षांत पडला. चर्चचा पुढचा अर्धा भाग आजतागायत बांधलेला नाही. जर्मनीत कोलोनचं कॅथीड्रल १२४८ साली सुरू झालं, सोळाव्या शतकात काम थांबलं आणि १८८० साली पूर्ण झालं. सहाशे बत्तीस वर्षं! पाया खणणाऱ्याला कळस दिसणार नाही हे ठाऊक होतं, तरी त्यानं पाया खणला.

आणि ज्यांनी हे केलं त्यांच्या कामाला नाव काय मिळालं? 'गॉथिक' ही खरं तर शिवी आहे. गॉथ ही रोमवर चालून गेलेली टोळी. त्यांनी ४१० साली रोम लुटलं. त्यांचा या इमारतींशी काडीचा संबंध नाही. पण सोळाव्या शतकात इटलीत प्राचीन रोमन कलेचं पुनरुज्जीवन झालं, तेव्हा वासारीसारख्या लेखकांना ही टोकदार बांधकामं ओबडधोबड, रानटी वाटली. गॉथांनी आणलेली पीडा, असं ते म्हणू लागले. तेराव्या शतकात एका जर्मन बखरकारानं याच कामाला 'फ्रेंच धाटणीचं काम' म्हटलं होतं. ते साधं नाव मागे पडलं आणि शिवी टिकली. जे समजत नाही त्याला रानटी म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड जुनी आहे.

मी तरी वेगळं काय केलं होतं? मला समजलं नाही, म्हणून मी त्या टेकूंना 'शोभा' म्हणून मोकळा झालो.

टेकू उन्हाळ्यात काढले. पावसाळ्याआधी सायकल स्टँडवर पत्रे चढले. ऑगस्टमध्ये शाळेतून निरोप आला. मी जाऊन पाहिलं. ज्या दोन कमानींचे टेकू आम्ही काढले होते, त्यांच्या माथ्यावर चीर पडली होती. खाली भिंतीला ओळंबा लावला, तर ती बोटभर बाहेर झुकली होती. इतर कमानी जशाच्या तशा. त्या सभागृहात रोज सकाळी दोन-अडीचशे मुलं प्रार्थनेला उभी राहत. त्या दिवशी मी दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. रात्री झोप आली नाही.

मिस्त्रींना बोलावलं. ते एका शब्दानंही "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. आधी त्यांनी बाहेरून सागाचे तिरके धिरे दिले. मग आत कमानीखाली लाकडी साचा ठोकला. पाऊस ओसरल्यावर दोन्ही टेकू पुन्हा उभे केले, त्याच दगडात, चुन्यात. काढलेले दगड शाळेच्या मागे रचून ठेवले होते म्हणून बरं. डिसेंबरमध्ये सभागृह उघडलं. सायकल स्टँड दुसरीकडे गेला. त्या चार महिन्यांत मी मिस्त्रींकडून जे शिकलो, ते चार वर्षांच्या कॉलेजात शिकलो नव्हतो.

पुढे कधीतरी वाचनात आलं, की कमान झोपत नाही हे बोल भारतातल्या जुन्या कारागिरांचे आहेत. एकोणिसाव्या शतकातला वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यानं त्यांची नोंद करून ठेवली आहे. आपल्या देवळं बांधणाऱ्यांनी शतकानुशतकं कमान टाळली, ती ठाऊक नव्हती म्हणून नव्हे. तिच्या जागरणाचा त्यांना भरवसा वाटत नव्हता. आणि युरोपातल्या गवंड्यांनी ते जागरण पत्करलं, तिला राखणदार नेमले. दोघांनाही कमानीचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

ही शैली आपल्याकडे कशी आली, तेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गॉथिकचं पुनरुज्जीवन झालं. लंडनचं पार्लमेंट १८३४ साली जळालं आणि नवं बांधलं ते गॉथिक वळणाचं. त्याच काळाच्या पुढच्या टप्प्यात मुंबई वाढत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत एकामागून एक इमारती उठल्या. जुनं सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट. राजाबाई टॉवरचे आराखडे काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. १८७८ साली पूर्ण झालेला हा मनोरा २८० फूट उंच आहे. त्याच्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांचं श्रेय मुकुंद रामचंद्र यांना दिलं जातं. बोरीबंदरचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं. तिथली पानं-फुलं, मोर, माकडं कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

पण इथे आल्यावर या शैलीला एक नवा प्रश्न पडला. फ्रान्समध्ये उजेड आत घ्यायचा होता. मुंबईत ऊन बाहेर ठेवायचं होतं. म्हणून इथे काचेच्या भिंती नाहीत, तर कमानींच्या मागे खोल व्हरांडे आहेत. हायकोर्टाच्या किंवा जुन्या सचिवालयाच्या व्हरांड्यात उभं राहिलं तर भर दुपारी वारा लागतो. छत झाकण्याचं बरंचसं काम तोवर लोखंडाकडे गेलं होतं. बोरीबंदरला फलाटांवरचं छप्पर लोखंडाचंच आहे. मात्र मुख्य इमारतीवरचा दगडी घुमट फासळ्यांचे दगड एकमेकांत अडकवत, खाली लाकडी साचा न लावता चढवला, आणि त्या काळी ती मोठी करामत मानली गेली. शैली एका धर्माचीही राहिली नाही. पुण्यातलं लाल देऊळ हे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, १८६७ सालचं, गॉथिक वळणाचं आहे. डेक्कन कॉलेजची इमारत तर विद्येचं घर आहे.

आज बोरीबंदर २००४ पासून आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या या इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्याचा अभिमान वाटतोच. पण यादीत नसलेल्या शेकडो शाळा, कचेऱ्या, स्टेशनं, दवाखाने गावोगावी आहेत. तिथे आजही कुणीतरी तरुण इंजिनीअर, मी उभा होतो तसा, आडव्या येणाऱ्या दगडाकडे पाहत उभा असेल.

त्याला मी एक गोष्ट सांगेन. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली. वरचं ओकच्या लाकडाचं छप्पर जळालं, मनोरा कोसळला. टीव्हीवर पाहताना वाटलं, आता सगळं संपलं. सकाळी पाहतात तो, काय? खालच्या दगडी छताला काही ठिकाणी भगदाडं पडली होती, पण बहुतेक छत जागेवर होतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांच्या कमानींनी वरून पडणारं जळतं लाकूड आणि वितळलेलं शिसं अंगावर घेतलं होतं. त्यानंतर तज्ज्ञांनी सुरुवातीलाच जी कामं हाती घेतली, त्यातलं एक कोणतं? बाहेरच्या अठ्ठावीस अर्ध्या कमानींखाली लाकडी साचे बसवले, तोल बिघडून त्या हलू नयेत म्हणून. डिसेंबर २०२४ मध्ये ते कॅथीड्रल पुन्हा उघडलं. ते साचे मी टीव्हीवर पाहिले तेव्हा मला आमच्या मिस्त्रींची आठवण झाली. त्यांनी पॅरिसचं नावही ऐकलं असेल-नसेल, पण शाळेच्या त्या सभागृहात त्यांनी नेमकं हेच केलं होतं.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी एखाद्या जुन्या इमारतीसमोर उभे राहाल तेव्हा तिची शैली कोणती हे जरा मागाहून विचारा. आधी नजरेनं वरच्या दगडाचं ओझं धरा आणि ते कुठून कुठे जातं, जमिनीपर्यंत कसं पोचतं, ते बघत खाली या. वाटेत कोण कुणाला रेटतंय आणि कोण कुणाला धरून आहे, ते दिसेल. आणि बरोबरच्या मुलानं विचारलं, की गॉथिक म्हणजे काय, तर त्याला घरी नेऊन पत्त्यांचा कॅट द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)